मनगटाएवढा वळसा

१४ जानेवारी

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं आणि त्याच पाकिटात माझं मागचं पत्रही, लाल शाईने दुरुस्त केलेलं. छापखान्यातली मुद्रितं तपासायची नोकरी तू सोडलीस, पण लाल शाईने तुला काही सोडलेलं नाही. यापुढे माझ्या ऱ्हस्व-दीर्घाला हात लावणार नसशील तरच लिहीन, असं लिहिणार होते. मग म्हटलं, तू खरंच कबूल झालीस तर पंचाईत.

मी काय करते ते शेजारच्या काकूंना नीट सांगता येत नाही असं तू लिहिलंस. सांगण्याजोगं आहे तेवढं लिहिते. लढाऊ विमानाच्या इंजिनाजवळून ज्या विजेच्या तारा जातात त्यांच्यावर मी लेप चढवते. कपबशीवर चकाकी असते ना, त्याच जातीचा, फक्त भयंकर उष्णता सोसणारा. आग लागली तरी तारेने काम करत राहायचं, एवढंच तिला शिकवायचं आहे. गेली तीन वर्षं मी तेच करते आहे. माझा लेप भट्टीत पांढरा होईपर्यंत तापवला तरी जागचा हलत नाही. आमचे संचालक परवा म्हणाले की हा लेप मंजूर झाला की विभाग माझ्या हाती देतील. मी अतिशय विनयाने मान खाली घातली आणि जिन्यात जाऊन एकटीच हसले.

एक तुकडा चाचणीसाठी कुठल्याशा हवाई तळावर गेला आहे. कुठल्या ते आम्हालाही सांगत नाहीत.

तुझे चिरंजीव कसे आहेत? मी विचारलं असं सांगू नकोस. बाबा गेल्यावर तुला एकटं टाकून कोण आधी नोकरीला पळालं यावर आमचं जे वाजलं, त्यानंतर त्यांनी मला एक ओळ लिहिलेली नाही. मीही लिहिलेली नाही, पण माझी गोष्ट वेगळी. मी मोठी आहे.

कळावे. लोभ आहेच, लाल शाई तेवढी आवर.
तुझी,
मोठी


९ फेब्रुवारी

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

मी मजेत आहे. तळावर फोन दारातच काढून घेतात, म्हणून पत्र. इथली पत्रं एक गृहस्थ वाचून मग पुढे सोडतात. त्यांनाही माझा नमस्कार.

तू विचारलंस, विमानं दुरुस्त करणारा अधिकारी म्हणजे हात काळे करणारा की नुसता सह्या करणारा. दोन्ही करतो. सध्या हातच जास्त काळे आहेत, आणि डोकंही तापलेलं आहे. कुठल्याशा प्रयोगशाळेने आम्हाला एक नवी तार पाठवली आहे. आगीत टिकते म्हणे. टिकत असेलही. पण तिच्याबरोबर जो सूचनांचा कागद आहे त्यात लिहिलंय की तारेला मनगटाहून लहान वळसा देऊ नये. आई, इंजिनाच्या आवरणात जिथून ही तार न्यायची तिथे माझं मनगटच जात नाही. अंगठ्याएवढ्या जागेत वळवायची, तर लेप तडकला. पापुद्रे निघून हातात आले. हे ज्या कुणी विद्वानाने लिहिलंय त्याने आयुष्यात विमान फक्त खिडकीतून पाहिलं असणार, तेही ढगांवरून जाणारं. मी अहवालात स्वच्छ लिहून टाकलं: तार निरुपयोगी, परत पाठवावी.

मला यात गंमत वाटत नाही, हे तुला माहीत आहे. आमचे एक वरिष्ठ वैमानिक हल्ली काठी घेऊन चालतात. इंजिनाला आग लागली, इंधन बंद करायचं बटण त्यांनी दाबलं, पण त्याआधी तारच जळून गेलेली. उडी मारून वाचले, कंबर गेली. आता माझ्या विमानात लंबू बसतो. लंबू म्हणजे आमचा सगळ्यात उंच वैमानिक. त्याला आत बसवताना घडी घालावी लागते. दाबलेलं बटण आतपर्यंत पोचेल, एवढी खात्री मला त्याला देता यायला हवी.

बाईसाहेबांचं काय चाललंय? मोठी माणसं धाकट्यांना पत्र लिहीत नाहीत असा नवा नियम निघालाय का, ते बघ. मी विचारलं म्हणून सांगू नकोस.

कळावे, आणि तब्येतीची हेळसांड करू नये.
तुझा,
धाकटा


२१ फेब्रुवारी

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

आज पत्र नाही, नुसता संताप पाठवते आहे. त्यात चुका असतील तर खुशाल लाल कर.

चाचणीला गेलेली तार परत आली. तिथल्या कुणा अधिकाऱ्याने अहवालात लिहिलंय: निरुपयोगी. तीन वर्षांच्या कामावर एक शब्द. मी सूचनांच्या कागदात स्वतःच्या हाताने लिहिलं होतं की मनगटाहून लहान वळसा देऊ नका. या शहाण्याने काय केलं, तर पेन्सिलीला दोरा गुंडाळावा तशी ती वळवली. शिवाय तारेवर पकडीचे दात उमटलेले आहेत. म्हणजे पकडीत धरून ओढली. बशी जमिनीवर आपटायची आणि मग कुंभाराच्या नावाने ओरडायचं, त्यातला प्रकार.

संचालक म्हणाले, मनाला लावून घेऊ नकोस. वळशाची अट ठळक अक्षरांत छापू, त्याखाली तळावरच्या अधिकाऱ्याची सही घेऊ आणि लेप आहे तसा मंजूर करून टाकू. पुढे तार तडकली तर दोष वळवणाऱ्याचा. मलाही ते पटलं. पटलं म्हणजे, पटायला हवं असं वाटलं.

त्या अधिकाऱ्याचं नाव कागदावर नाही. असतं तर पत्र टाकून सांगितलं असतं त्याला चार शब्द. असा एक हट्टी, कुणाचं न ऐकणारा प्राणी मी लहानपणी घरात पाहिलेला आहे. हा त्याचाच कुणी गुरुबंधू असणार.

कळावे. लोभ वाढवावा, सध्या गरज आहे.
तुझी,
मोठी


२ मार्च

चि. मोठीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा संताप पोचला. त्यात चुका फक्त दोन निघाल्या, म्हणजे रागात तू शुद्ध लिहितेस. तुला अधूनमधून चिडवलं पाहिजे.

मला तारेतलं काही कळत नाही. तेव्हा मी अडाण्यासारखं एकच विचारते. तुझी ती तार जिथे जाऊन बसणार आहे, ती जागा तू पाहिली आहेस का? तुझ्या बाबांनी एकदा मापं न घेता कपाट आणलं होतं, आठवतं? कपाट उत्तम होतं. दारातून आत येईना, म्हणून दोन दिवस ते अंगणात होतं आणि तू त्यात बसून अभ्यास करायचीस. त्या कपाटाची चूक होती असं मला कधी वाटलं नाही. दाराची होती असंही नाही.

त्या हट्टी माणसावर तू रागावली आहेस ते ठीक. पण तार मोडली म्हणून कुणी इतकं तोडून लिहीत नाही. त्याला कसली तरी भीती वाटत असेल. जाऊन विचार. तुमच्या साहेबांकडून परवानगी काढ आणि स्वतः जा.

आणि संचालकांनी पुढे केलेल्या कागदावर घाईने सही करू नकोस. दोष कुणाचा हे तार तडकायच्या आधीच ठरवून ठेवलेलं मला बरं वाटलं नाही. का, ते सांगता येत नाही.

माझे गुडघे ठीक आहेत. विचारलं नाहीस, तरी सांगते.

तुझ्यावर जीव असलेली,
आई


२ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. पत्रं वाचणाऱ्या गृहस्थांनाही.

ज्या विद्वानाने विमान खिडकीतून पाहिलं, त्याला तू ते आतून दाखवलंस का? नुसतं निरुपयोगी लिहून मोकळा झालास. मी नोकरीत असताना लेखकाच्या पानावर नुसतं ‘चूक’ असं लिहून कधी परत पाठवलं नाही. कुठे आणि कशी ते लिहायचे. ती तार करणाऱ्यालाही घरदार असेल, रात्रंदिवस खपला असेल बिचारा. किंवा बिचारी.

तुझ्या त्या जागेचं माप, एखादं चित्र, जे पाठवायची परवानगी असेल ते पाठव. आणि कुणी बघायला आलं तर नीट बोल. तुझं नीट बोलणं म्हणजे काय ते मला माहीत आहे, म्हणून आधीच सांगून ठेवते.

लंबूला म्हणावं, घडी घालून बसताना पाठ सांभाळ. सुट्टी मिळाली की त्याला घरी घेऊन ये.

तुझ्यावर जीव असलेली,
आई


३० मार्च

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

तुला माहीत होतं. आधी हे कबूल कर, मग पुढचं वाच.

मी त्या जागेचं माप पाठवलं होतं. त्यावर निरोप आला की प्रयोगशाळेतून एक तज्ज्ञ स्वतः पाहायला येणार आहेत. मी हँगरच्या दारात तळाच्या प्रमुखांशेजारी ताठ उभा राहिलो. चार शेलके प्रश्न पाठ करून ठेवले होते. गाडीतून ताई उतरली.

पुढचा काही वेळ मला नीटसा आठवत नाही. प्रमुखांनी ओळख करून दिली. मी सलाम ठोकला, तिने नमस्कार केला. मी तिला मॅडम म्हणालो, ती मला सर म्हणाली. लंबू मागे उभा होता. तो नंतर म्हणाला की तुमच्या दोघांचे कान एकाच वेळी लाल झाले, तेव्हाच मला कळलं.

मग मी तिला शिडीवर चढवलं आणि आवरण उघडून दाखवलं. तिने हात आत घातला. मनगटसुद्धा जाईना. बाही वर करून पुन्हा घातला, खरचटलं, तरी जाईना. मला वाटलं आता भांडेल. तिने फक्त विचारलं की काठी घेऊन चालणारे ते वैमानिक इथेच शिकवतात का. तिला त्यांच्याबद्दल तूच लिहिलं असणार, म्हणून मी विचारत नाही. ते दूर मैदानापलीकडून चालत येत होते. ती त्यांच्याकडे बघत राहिली.

त्यानंतर मात्र तिने माझी खरडपट्टी काढली. आमच्या माणसांनी तार थंडीत, पकडीने ओढली होती. निम्मे तडे त्यामुळे गेले होते, ते तिने भिंगाखाली दाखवून दिलं. मला मान्य करावं लागलं. प्रमुखांसमोर करावं लागलं, हे विशेष लिहितो, म्हणजे तुला समाधान.

आम्ही भाऊ-बहीण आहोत हे दोघांनी आपापल्या वरिष्ठांना त्याच दिवशी कळवलं. यापुढे माझ्या अहवालावर दुसऱ्या एका अधिकाऱ्याचीही सही लागेल. ताई म्हणाली, बरं झालं, एक तरी समजूतदार माणूस वाचेल.

निघताना ती मला नीट जेवतोस का म्हणाली. मी हो म्हणालो. एवढंच बोलणं झालं, पण झालं.

कळावे, आणि खुलासा करावा.
तुझा,
धाकटा


११ एप्रिल

चि. धाकट्यास आणि चि. मोठीस, एकच मजकूर दोन कागदांवर,
अनेक आशीर्वाद.

माहीत होतं. तुमची पत्रं लागोपाठ आली, दोन्हींत मनगट होतं. माणसं वळशाचं माप मनगटाने देत नाहीत, आमच्या घरातली मुलगी देते. आणि निरुपयोगी हा शब्द आमच्या घरातला मुलगा लहानपणापासून माझ्या प्रत्येक भाजीला वापरत आलेला आहे.

सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तुम्ही बहीण-भाऊ म्हणून भांडला असता. एक म्हणाली असती, याला मला खाली पाडायचंच आहे. दुसरा म्हणाला असता, हिला माझं कधी पटतच नाही. परके होता म्हणून निदान तारेवरून भांडलात.

आता आपापसात लिहा. मला टपालखात्याचा कंटाळा आलाय.

तुम्हा दोघांची, दुर्दैवाने,
आई


५ जुलै

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

एवढे दिवस लिहिलं नाही, कारण चांगलं काही नव्हतं. आता थोडं आहे.

तळावरून आल्यावर मी संचालकांच्या टेबलावरचा मंजुरीचा कागद सही न करता परत केला. जागाच नाही तिथे मनगटाएवढा वळसा मागणं म्हणजे, माणसं कागदावर हो म्हणतील आणि तार मुकाट्याने वाकवतील. मग ती आत, कुणाला न दिसता तडकलेली राहील. मी माझ्याच लेपावर फुली मारली. संचालक रागावले नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटलं. विभाग दुसऱ्याकडे गेला. तो माझा सहकारी चांगला माणूस आहे, पण त्याच्या खोलीला खिडकी आहे, आणि ती मी मनातल्या मनात माझी मानली होती.

मग नव्याने सुरुवात केली. जाड थर वाकला की तडकतो. म्हणून आता अख्ख्या तारेला लेप देत नाही. तिच्यातल्या केसासारख्या बारीक धाग्यांना एकेक करून अगदी पातळ थर देते आणि मग ते एकत्र पिळते. वाकवलं की धागे एकमेकांवरून सरकतात, लेपावर ताण येत नाही. ऐकायला सोपं आहे. पण इतका पातळ थर हवेतला ओलावा पितो आणि वीज झिरपू लागते. सगळा मे महिना त्याने खाल्ला. शेवटी वरून काचेसारख्या पदार्थाचा एक हात दिला, तेव्हा ते थांबलं.

काल माझ्या अंगठ्याभोवती गुंडाळून, तशीच भट्टीत ठेवली. अंगठा काढून घेऊन, हे तुझ्या माहितीसाठी. भट्टी लाल झाली, मग पांढरी झाली, आणि तारेच्या दुसऱ्या टोकाला जोडलेला दिवा जळत राहिला. आम्ही सगळे त्या दिव्याकडे बघत होतो. नवे विभागप्रमुख खुर्ची घेऊन आले आणि मला म्हणाले, बसा.

तुझे चिरंजीव मला आठवड्याला पत्र लिहितात. त्यात वळशांच्या आकृत्या असतात आणि शेवटी एक ओळ टोमण्याची. मी आकृत्या फाइलला लावते. टोमणे माझ्याकडेच ठेवते.

कळावे. माझ्यावरचा लोभ आता त्याच्याशी वाटून घ्यायला हरकत नाही.
तुझी,
मोठी


१७ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

रीतसर अहवाल तुला मिळेलच. त्यात एक ओळ असेल की तार शाबूत आहे. अहवालात मावत नाही तेवढं इथे लिहितो.

मंगळवारी लंबू तुझी नवी तार बसवलेलं विमान घेऊन वर असताना डाव्या इंजिनाला आग लागली. आम्ही खाली नियंत्रण कक्षात त्याचा आवाज ऐकत होतो. त्याने आग लागल्याचं सांगितलं, बटण दाबतोय म्हणाला, आणि मग गप्प झाला. ताई, त्या गप्प बसण्यात मी काय काय विचार केला ते तुला सांगणार नाही. काठीवाले वरिष्ठ माझ्या शेजारीच उभे होते. मग लंबू नेहमीच्या आवाजात म्हणाला की इंधन बंद झालंय, आग विझली, दुसऱ्या इंजिनावर परत येतोय.

उतरला. पायऱ्या उतरून गवतावर बसला आणि पाय लांब केले.

रात्र होण्याआधी मी आवरण उघडलं. शेजारच्या पट्ट्या मेणासारख्या वाकल्या होत्या. तार काळी पडली होती. मी अंगठ्याने काजळी पुसली, खाली लेप तसाच. अंगठ्याएवढ्या वळशातसुद्धा. मी तिथेच शिडीवर बसलो. माझ्या माणसांनी काम थांबवून मला चहा आणून दिला. साहेबांना बरं वाटत नाही अशी त्यांची समजूत झाली.

लंबूने विचारलं, ही तार केली कुणी. नाव सांगायला मनाई आहे. मी म्हटलं, माहीत नाही, असेल कुणी विद्वान. तो म्हणाला, त्याला माझ्याकडून काहीतरी कळव. काय कळवू ते त्याला सुचेना. मलाही सुचत नाही. म्हणून नुसतं झालं तसं लिहिलं आहे.

तू बाबांनंतर घर सोडलंस म्हणून मी जे बोललो होतो, ते बोलायला नको होतं. तूही जे बोललीस ते नको होतं, पण माझी पाळी आधी.

कळावे. लोभ होताच, आता तो लिहून कळवतो आहे.
तुझा,
धाकटा


१२ डिसेंबर

चि. मोठीस,
अनेक आशीर्वाद.

काल धाकटा सुट्टीवर आला, बरोबर लंबूला घेऊन. धाकट्याने मला फक्त एवढं सांगितलं की याला थोडी झोप हवी आहे. मी पुढे विचारलं नाही. पण धाकटा सारखा जिना चढता-उतरताना त्या मुलाच्या मागे-मागे असतो, तान्ह्या मुलामागे असावं तसा. त्यावरून मला जे समजायचं ते समजलं.

लंबूला तुझी खोली दिली. पलंग पुरेना, म्हणून पायाशी स्टूल ठेवलं आहे. सकाळी त्याने विचारलं की ही खोली कुणाची. मी म्हटलं, माझ्या मोठ्या मुलीची. काय करते म्हणाला. धाकटा माझ्याकडे बघायला लागला. मी सांगितलं की भट्टीवर असते. लंबूला वाटलं तू पाव भाजतेस. चांगलं काम आहे म्हणाला, हिवाळ्यात ऊबही मिळते. धाकटा तोंड लपवून स्वयंपाकघरात पळाला आणि इतका हसला की त्याचे डोळे भरून आले. मग ते लवकर थांबेनात. मी त्याच्या हातात कांदा दिला, चिरत बस म्हटलं.

मुलगा गुणी आहे. ताट स्वतः उचलतो. त्याची आई मला काल फोनवर म्हणाली की तुमच्याकडे नीट जेवतोय का तो. एवढंच विचारत राहिली, दोन-तीनदा. मी म्हटलं, जेवतोय.

हे मी तुझ्यासाठी स्थळ म्हणून लिहीत नाही. तसं असतं तर उंचीचा उल्लेख टाळला असता.

रविवारपर्यंत तो इथे आहे. तुला रजा मिळत नसेल तर आजारी पड. तू काय करतेस ते मी सांगणार नाही, धाकटाही नाही, आणि तू तर नाहीच. पाव कसा फुगतो असं त्याने विचारलंच, तर काहीतरी सांग. फक्त ये, त्याच्यासमोर बस, आणि तो जेवताना बघ.

तुझी वाट पाहणारी,
आई